प्रवाळाच्या टाकीतील फॉस्फेट

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात उरलेल्या खाद्यातून व माशांच्या विष्ठेतून फॉस्फेट साचत जाते. त्याचे प्रमाण वाढले की शेवाळ माजते आणि प्रवाळाच्या चुनखडीच्या सांगाड्याची वाढ खुंटते. सातारा, सांगली समुद्रापासून दूर असल्याने तेथे नळाच्या पाण्यात कृत्रिम मीठ विरघळवण्याचा मोह होतो. साताऱ्याला कासचे, सांगलीला कृष्णेचे पाणी मिळते. मात्र टाकीसाठी ‘आरओ’चे पाणीच घ्यावे, म्हणजे बाहेरून येणारे फॉस्फेट बव्हंशी टळते.

साचलेले फॉस्फेट काढण्यासाठी लोहाच्या ऑक्साइडचे तांबूस दाणे वापरतात. फॉस्फेट त्यांच्या पृष्ठभागाला चिकटते. वापरापूर्वी दाणे ‘आरओ’च्या पाण्याने भुकटी निघून जाईपर्यंत धुवावेत. उत्पादकाने सुचवलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्श्याने सुरुवात करून दर दोन-तीन दिवसांनी फॉस्फेट व क्षारता तपासावी. घाई येथे घातक ठरते. प्रवाळाला व त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला थोडे फॉस्फेट लागतेच; ते एकदम उतरल्यास प्रवाळाच्या ऊती गळू लागतात. म्हणून प्रमाण शून्यावर न आणता लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान राखावे. ते पुन्हा वाढू लागले की दाणे निकामी झाले असे समजून बदलावेत.