बिभा चौधुरी : विश्वकिरणांचा मागोवा घेणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ

मूलकण भौतिकीच्या क्षेत्रात संशोधन करणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये बिभा चौधुरी यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. विश्वकिरणांतील मेसॉन या कणाचे वस्तुमान छायाचित्रण-पट्टिकांच्या साहाय्याने ठरविण्याची पद्धत त्यांनी आणि देवेंद्र मोहन बोस यांनी १९४०च्या दशकाच्या प्रारंभी विकसित केली. याच मार्गाने पुढे गेलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ सेसिल पॉवेल यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. चौधुरी यांचे नाव मात्र त्यांच्या हयातीत भारतातही फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

बालपण आणि शिक्षण

बिभा चौधुरी यांचा जन्म १९१३ साली कोलकाता येथे झाला. वडील डॉक्टर होते, तर आईचे कुटुंब ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या या वातावरणामुळे त्यांना उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली. कलकत्ता विद्यापीठातून १९३६ साली त्यांनी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. पदवी संपादन केली. त्या वर्गात त्या एकट्याच विद्यार्थिनी होत्या.

त्यानंतर देवेंद्र मोहन बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधनास आरंभ केला. जगदीशचंद्र बोस यांचे भाचे असलेले देवेंद्र मोहन १९३८ साली बोस संस्थेचे संचालक झाले आणि चौधुरी यांचे पुढील कार्य याच संस्थेत घडले.

हिमालयातील प्रयोग

अंतराळातून पृथ्वीवर सतत येणाऱ्या अतिशय ऊर्जावान कणांना विश्वकिरण असे म्हणतात. वातावरणातील अणुकेंद्रांवर ते आदळले की नवे कण निर्माण होतात. जपानचे हिदेकी युकावा यांनी १९३५ साली असे प्रतिपादन केले होते की, अणुकेंद्रातील प्रोटॉन व न्यूट्रॉन यांना एकत्र बांधून ठेवणारा एक कण असावा आणि त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट असावे. पुढील दोन वर्षांत विश्वकिरणांमध्ये अशा वस्तुमानाचा कण आढळला. त्याला मेसॉट्रॉन असे नाव देण्यात आले. तो युकावा यांचाच कण असावा, असा समज तेव्हा रूढ झाला.

या कणाचा शोध घेण्यासाठी बोस आणि चौधुरी यांनी अल्प खर्चाची पद्धत निवडली. विद्युत्भारित कण छायाचित्रण-पट्टिकेवरील लेपातून गेला की त्याच्या मार्गात चांदीचे सूक्ष्म कण उमटतात आणि पट्टिका विकसित केल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यांची रेषा दिसते. ठिपके किती दाट आहेत यावरून कणाच्या वेगाचा आणि ऊर्जेचा अंदाज येतो. हलका कण वाटेत अधिक विचलित होतो, तर जड कण तुलनेने सरळ जातो. या दोन्ही बाबींची सांगड घालून कणाचे वस्तुमान काढता येते.

जितके उंचावर जावे तितके वातावरणाचे आवरण विरळ होते आणि विश्वकिरण अधिक प्रमाणात मिळतात. म्हणून या पट्टिका दार्जिलिंग आणि सुमारे ३,६०० मीटर उंचीवरील संदकफू येथे दीर्घ काळ ठेवण्यात आल्या. परत आणलेल्या पट्टिकांवरील एकेक रेषा सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याचे काम अत्यंत चिकाटीचे होते. या संशोधनावरील लेख ‘नेचर’ या नियतकालिकात १९४१ आणि १९४२ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी काढलेले सरासरी वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या २०० पटींहून थोडे अधिक होते.

पट्टिकांची मर्यादा

हे निष्कर्ष अधिक अचूक करण्यासाठी अधिक संवेदनशील पट्टिका आवश्यक होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या भारतात मिळू शकल्या नाहीत. उपलब्ध पट्टिकांवर ठिपके विरळ उमटत आणि त्यामुळे मोजमापातील अनिश्चितता मोठी राहत असे. अखेर हे काम तेथेच थांबले.

युद्धानंतर ब्रिटनमध्ये चांदीचे प्रमाण अधिक असलेले नवे लेप तयार झाले. त्यांचा उपयोग करून ब्रिस्टल विद्यापीठात पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ साली दाखवून दिले की, येथे एक नव्हे तर दोन वेगळे कण आहेत. युकावा यांनी भाकीत केलेला कण म्हणजे पायॉन. त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २७३ पट असते. त्याच्या ऱ्हासातून म्यूऑन निर्माण होतो आणि त्याचे वस्तुमान सुमारे २०७ पट असते.

पायॉनचा निर्णायक शोध ब्रिस्टल येथेच लागला, याविषयी दुमत नाही. तथापि पट्टिकांवरील रेषांवरून मेसॉनचे वस्तुमान ठरविण्याचा मार्ग बोस आणि चौधुरी यांनी काही वर्षे आधीच दाखविला होता. पॉवेल यांनीही आपल्या ग्रंथात या पूर्वकार्याची नोंद घेतली आहे.

मँचेस्टर, मुंबई आणि अहमदाबाद

चौधुरी १९४५ साली मँचेस्टर विद्यापीठात पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. एकाच विश्वकिरणापासून वातावरणात लक्षावधी कणांचा वर्षाव होतो. या विस्तीर्ण वर्षावांतील भेदक कणांवर त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. मँचेस्टरच्या एका वृत्तपत्राने त्यांची मुलाखत प्रसिद्ध केली होती. भौतिकशास्त्राकडे वळणाऱ्या स्त्रियांची संख्या फारच थोडी आहे, याची खंत त्यांनी त्या वेळी व्यक्त केली.

होमी भाभा यांनी नव्याने उभारलेल्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या १९४९ साली रुजू झाल्या. या संस्थेतील त्या पहिल्या महिला संशोधक होत. पुढे अहमदाबाद येथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. कर्नाटकातील कोलार सोन्याच्या खाणींत भूगर्भात खोलवर पोहोचणाऱ्या कणांच्या अभ्यासातही त्यांचा सहभाग होता. भूपृष्ठाखालील शेकडो मीटर जाडीचा खडक इतर कणांना अडवतो. त्यामुळे भेदक म्यूऑनच्या निरीक्षणास या खाणी अनुकूल ठरल्या.

विक्रम साराभाई यांच्या निधनानंतर त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्या कोलकात्यास परतल्या. तेथील संशोधन संस्थांच्या सहकार्याने त्यांचे काम उतारवयातही सुरू राहिले. २ जून १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

उशिरा मिळालेली दखल

भारतातील तीन प्रमुख विज्ञान अकादमींपैकी एकाही अकादमीने त्यांची फेलो म्हणून निवड केली नाही. कोणताही मोठा राष्ट्रीय सन्मान त्यांना लाभला नाही. राजिंदर सिंग आणि सुप्रकाश रॉय यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र २०१८ साली प्रकाशित झाले आणि त्यानंतर त्यांच्या कार्याची व्यापक चर्चा सुरू झाली.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१९ साली प्रत्येक देशाला एका ताऱ्याचे व त्याच्या ग्रहाचे नामकरण करण्याची संधी दिली. भारताच्या वाट्यास आलेल्या, षडंश तारकासमूहातील एच.डी. ८६०८१ या ताऱ्यास ‘बिभा’ हे नाव देण्यात आले. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचे नाव ‘संतमस’ असे ठेवण्यात आले. बंगालीतील बिभा म्हणजेच संस्कृतातील विभा, अर्थात प्रकाश. आकाशातून येणाऱ्या अदृश्य कणांच्या पाऊलखुणा शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांचे नाव अखेर आकाशातच कायम झाले.