हाली, कलदार आणि मास्तरांचा पगार

आमचा हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. पण मास्तरांच्या पगाराची रड त्याहून फार जुनी. पूर्वी गावोगाव पंतोजी असत. त्यांना मिळे काय, तर सुगीला पायलीदोन पायली ज्वारी, सणावारी शिधा, एखादे धोतर. आज आपल्याला हसू येते. पण बघा, बाजारात ज्वारी कितीही महागो, पंतोजींच्या घरातली पायली ही पायलीच राहत असे. (पावसाने दगा दिला म्हणजे सगळ्या गावाबरोबर तेही उपाशी, हे खरेच.) पुढे रोख पगार आला, नोकरीचा मान आला आणि बाजारभावाची काळजीही आली.

निजामी अमदानीत इकडे हाली सिक्का चाले. ७ हाली म्हणजे ६ कलदार, असा साधारण हिशेब. समजा, एखाद्या मास्तरला ७० रुपये हाली पगार आहे. तो पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात, वाशिमच्या बाजारात गेला, की त्याचे झाले ६०! नदी ओलांडण्याची ही दहा रुपये पट्टीच म्हणायची. त्यात दुसऱ्या महायुद्धाने धान्य, कापड, रॉकेल सगळेच महाग केले. ‘महागाई भत्ता’ हा शब्द नोकरदारांच्या तोंडी रुळला तो याच काळात. १९४८ साली संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. नाणे बदलले; महिनाअखेर काही बदलली नाही.

माझ्या मते हा भत्ता म्हणजे पंतोजींची पायलीच, फक्त कागदावर मोजलेली. तिच्यासाठीच १४ डिसेंबर १९७७ पासून राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक ५४ दिवस संपावर होते. मागणी काय, तर केंद्राइतका महागाई भत्ता द्या.

आणि नंतर २००० साली शिक्षणसेवक योजना आली. पहिली तीन वर्षे पगार नाही, ठरीव मानधन, भत्ता नाहीच. प्राथमिकला महिना ३,००० रुपये. २०१२ मध्ये त्याचे ६,००० झाले आणि तेथेच दहाअकरा वर्षे थांबले. २०२३ पासून १६,००० आहेत. त्या सहा हजारांच्या दिवसांत माझा एक विद्यार्थी दूरच्या एका वाडीवर शिकवीत होता. खोलीभाडे आणि जाण्यायेण्याचे पेट्रोल यांतच निम्मे संपायचे. मी विचारले, “अरे, खातोस काय?” तो म्हणाला, “सर, ज्वारीचं पोतं घरून येतं ना.”