बुद्धवचनाची कसोटी

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावच्या पश्चिमेला, कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. गोपाळाचा मुलगा संघमित्र याने लेणे दान केल्याचा लेख तिथे आजही आहे. दगडात कोरलेलं नाव वाचलं की अर्थ संपतो. बुद्धाच्या सूत्रांचं तसं नसतं.

काही सूत्रांचा अर्थ सरळ घ्यायचा, ती नीतार्थ. काहींचा शोधून काढायचा, ती नेयार्थ. या दोहोंत गल्लत करणारा तथागतावर आळ घेतो, असं अंगुत्तर निकाय बजावतो. त्याच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या पाली टीकेत, उदाहरणही आहे. ‘एक व्यक्ती जगात जन्मते’ हे बोलण्यापुरतं, नेयार्थ. ‘अनित्य, दुःख, अनात्म’ हे नीतार्थ. पुढे महायानात यावरून मतभेद झाले. माध्यमिक पंथाने शून्यतेला अंतिम मानलं, तर संधिनिर्मोचन सूत्राने शून्यतेच्या उपदेशालाच नेयार्थ ठरवलं.

कोणतं वचन जसंच्या तसं घ्यायचं, हा वाद मराठी विचारवंतांत विसाव्या शतकात नव्याने उभा राहिला, तो सिद्धार्थाच्या गृहत्यागावरून.

म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र घराबाहेर पडला, ही कथा गोव्याच्या धर्मानंद कोसंबींना पटली नाही. सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तात त्यांना वेगळं कारण सापडलं: शस्त्रं घेऊन आपसात लढणाऱ्या माणसांचा उबग. सातारच्या शाळेत शिकलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी तर रोखठोक विचारलं, की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता? १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर आलेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय ही कुळं भांडतात, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि घर सोडतो. अट्ठकथांत हे भांडण बुद्धत्वानंतरचं आहे आणि ते स्वतः बुद्धच मिटवतात. बाबासाहेबांनी ते आधी आणलं. टेंभू सिंचन योजनेचं पाणी येण्याआधीचे दुष्काळ सोसलेल्या कडेगावकराला, पाण्यावरून भाऊबंदकी कशी पेटते हे वेगळं सांगायला नको.

याच ग्रंथात त्यांनी बुद्धवचन ओळखण्याच्या तीन कसोट्या दिल्या. जे बुद्धिसंगत ते बुद्धाचं. माणसाच्या हिताशी ज्याचा संबंध नाही, ते त्याच्या नावावर घालू नये. तिसरी कसोटी जुन्या वादाच्या अगदी जवळची: बुद्धाला ज्याची खात्री होती ते त्याने ठामपणे सांगितलं, बाकीच्यावर नुसती तात्पुरती मतं दिली. फरक एवढाच, की निवाडा आता अट्ठकथाकाराकडे न राहता वाचणाऱ्याच्या बुद्धीकडे आला.

‘महाबोधी’ मासिकाने १९५९ मध्ये ग्रंथावर कडक टीका केली. महाराष्ट्रातल्या बुद्धविहारांत मात्र वर्षावासात, आषाढी ते आश्विन पौर्णिमेपर्यंत, त्याचंच वाचन चालतं.