हायब्रिड मोबाइल ॲप : आशय व्यवस्थापन प्रणालीवरून उभारणी

हायब्रिड मोबाइल ॲप : संकेतस्थळे ज्या भाषांत लिहिली जातात त्याच, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्ट या भाषांत लिहिलेले, पण मोबाइलवर इतर ॲपप्रमाणेच उतरवून घेता येणारे ॲप. त्याच्या आत वेबव्ह्यू नावाचा, पत्त्याची पट्टी नसलेला ब्राउझर असतो आणि बाहेरून ॲपचे पातळ कवच असते. कॅमेरा, सूचना, संपर्कवही, साठवण अशा फोनच्या सोयी या कवचातून वापरता येतात. ॲपमधील मजकूर, छायाचित्रे व किमती वर्डप्रेस, द्रुपल किंवा जूमला यांसारख्या आशय व्यवस्थापन प्रणालीतून पुरवल्या जातात, तेव्हा एकदा भरलेली माहिती संकेतस्थळावर आणि ॲपवर दोन्हीकडे दिसते. छोटे उद्योग, ग्रंथालये, नियतकालिके व सहकारी संस्था यांना हा मार्ग परवडतो, कारण माहिती भरणाऱ्या माणसाला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नसते.

प्रकार : मोबाइल ॲप बांधण्याच्या मुख्य वाटा चार आहेत. अँड्रॉइडसाठी कोटलिन किंवा जावा आणि आयफोनसाठी स्विफ्ट या भाषांत स्वतंत्र लिहिलेल्या ॲपला नेटिव्ह ॲप म्हणतात. त्याचा वेग सर्वांत चांगला असतो, पण काम दोनदा करावे लागते आणि खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. रिअॅक्ट नेटिव्ह (2015) व फ्लटर (पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर 2018) यांत एकाच लेखनातून दोन्ही प्रकारचे फोन साधतात आणि वेबव्ह्यू लागत नाही. हायब्रिड ॲपमध्ये वेबव्ह्यू हाच गाभा असतो. प्रोग्रेसिव्ह वेब ॲप हे ॲप-दुकानात न जाता थेट संकेतस्थळावरून फोनच्या पडद्यावर बसवता येते. 2015 मध्ये हे नाव रूढ झाले. आशय व्यवस्थापन प्रणाली या चारही प्रकारांना सारखीच माहिती पुरवू शकते.

इतिहास : 2008 च्या जुलैमध्ये ॲपलचे आणि ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडचे ॲप-दुकान सुरू झाले. त्याच वर्षी कॅनडातील निटोबी या कंपनीच्या प्रोग्रॅमरांनी फोनगॅप हे साधन तयार केले आणि संकेतस्थळ बांधणाऱ्यांना ॲपचा दरवाजा उघडून दिला. 2011 मध्ये अडोबीने निटोबी विकत घेतली व फोनगॅपचा मूळ संच अपाची प्रतिष्ठानाकडे सोपवला. तोच पुढे कॉर्डोव्हा या नावाने ओळखला गेला. 2013 मध्ये आलेल्या आयॉनिकने फोनच्या पडद्याला साजेशी बटणे, याद्या व पाने तयार स्वरूपात दिली. त्याच संघाने केलेले कॅपॅसिटर 2019 मध्ये स्थिर झाले आणि नव्या कामांत बहुतांशी कॉर्डोव्हाच्या जागी आले.

सुरुवातीची हायब्रिड ॲप मंद चालत. 2012 मध्ये फेसबुकने आयफोनवरील वेबआधारित ॲप बाजूला ठेवून नेटिव्ह ॲप आणले, तेव्हा या पद्धतीवरचा विश्वास बराच डळमळला. पुढे परिस्थिती पालटली. अँड्रॉइड 4.4 पासून (2013) वेबव्ह्यू क्रोम ब्राउझरच्या क्रोमियम या गाभ्यावर बेतला गेला आणि अँड्रॉइड 5 पासून तो प्ले स्टोअरमधून परस्पर अद्ययावत होऊ लागला. आयफोनवर 2014 मध्ये वेगवान डब्ल्यूकेवेबव्ह्यू आला.

प्रणालींच्या बाजूनेही हाच काळ महत्त्वाचा ठरला. वर्डप्रेस 27 मे 2003 रोजी आले. त्याच्या रेस्ट एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या ॲपना माहिती देणाऱ्या द्वारांचे, काम 2013 मध्ये विद्यार्थी-प्रकल्प म्हणून सुरू झाले. पाया डिसेंबर 2015 च्या 4.4 आवृत्तीत आणि लेख, पाने, वर्गवारी व सदस्य यांची द्वारे डिसेंबर 2016 च्या 4.7 आवृत्तीत मूळ संचात आली. द्रुपलच्या 8 व्या आवृत्तीत (2015) आणि जूमलाच्या 4 थ्या आवृत्तीत (2021) अशीच सोय झाली. वर्डप्रेसच्या संकेतस्थळावरून ॲप बनवून देणारे ॲपप्रेसर 2013 मध्येच आले होते.

फोनगॅपची सेवा ऑक्टोबर 2020 मध्ये बंद झाली. तिच्यावर उभी असलेली ॲप दुसऱ्या कवचात हलवावी लागली. ज्यांचा मजकूर प्रणालीत नीट साठवलेला होता त्यांना फक्त कवच बदलावे लागले; ज्यांनी मजकूर ॲपच्या पानांतच लिहून ठेवला होता त्यांना तो पुन्हा गोळा करावा लागला.

रचना व कार्यपद्धती : उभारणीचे तीन थर असतात : साठवण, देवाणघेवाण व मांडणी. साठवण प्रणालीच्या माहितीसाठ्यात होते. वर्डप्रेसमध्ये तो मायएसक्यूएलचा असतो. ॲपने मागणी केली की प्रणाली सजावट न करता निव्वळ माहिती जेसन या स्वरूपात पाठवते. ॲपमधील जावास्क्रिप्ट ती वाचून आपल्या साच्यात बसवते. रायगड जिल्ह्यातील जिते परिसरातून कच्च्या, न रंगवलेल्या गणेशमूर्ती बाहेरगावी जातात आणि तिथले कारागीर त्या आपापल्या पद्धतीने रंगवतात; प्रणाली आणि ॲप यांच्यातील कामाची वाटणी तशीच असते.

वर्डप्रेसचे रेस्ट एपीआय एका मागणीला 10 नोंदी देते आणि सांगितल्यास जास्तीत जास्त 100. एकूण नोंदी व पाने किती, ते उत्तराच्या शीर्षभागात येते. हवी तेवढीच क्षेत्रे मागवता येतात. यादीच्या पडद्यासाठी फक्त नाव, लहान छायाचित्र व किंमत मागवली तर उत्तराचा आकार बराच घटतो. मार्च 2021 च्या 5.7 आवृत्तीपासून अमुक वेळेनंतर बदललेल्या नोंदीच मागवण्याची सोय आहे, त्यामुळे ॲप दर वेळी सगळी यादी उतरवत नाही. या सोयीला एक पथ्य आहे. पुसून टाकलेली नोंद ‘बदललेली’ म्हणून येत नाही, ती यादीतून नुसती नाहीशी होते. म्हणून विकला गेलेला माल पुसण्याऐवजी त्यावर ‘संपले’ अशी खूण करणे योग्य.

उतरवलेली माहिती फोनमधील साठ्यात, म्हणजे इंडेक्स्डडीबी किंवा एसक्यूलाइटमध्ये, ठेवली की नेटवर्क नसतानाही ॲप उघडते. आधी फोनमधील यादी दाखवायची आणि मागाहून सर्व्हरवरील बदल आणायचे, हा क्रम ग्रामीण भागात सर्वांत उपयोगी पडतो.

जिते परिसरातील उपयोजन : जिते हे रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गाव पनवेल–रोहा लोहमार्गावर आपटा व हमरापूर या स्थानकांच्या मध्ये येते. या परिसरातील पेण शहर आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. परदेशी जाणाऱ्या मूर्ती चतुर्थीच्या कित्येक महिने आधी बोटीने रवाना होतात. मुंबई-पुण्याचे व्यापारी व घरगुती गिऱ्हाईक त्यानंतर येतात. मालाची यादी मोठी, खरेदीचा काळ ठरलेला आणि गिऱ्हाईक दूरदूरचे, अशा धंद्याला छायाचित्रांसह यादी दाखवणारे ॲप चांगले लागू पडते.

अशा यादीसाठी वर्डप्रेसच्या ‘लेख’ या तयार प्रकारात सगळे कोंबण्याऐवजी ‘मूर्ती’ हा वेगळा नोंदप्रकार करतात. त्यात मूर्तीचे नाव, उंची इंचांत, माध्यम (शाडू, प्लास्टर, कागदाचा लगदा), कच्ची की रंगवलेली, किंमत, शिल्लक नग आणि छायाचित्रे अशी क्षेत्रे असतात. उंची हे क्षेत्र निव्वळ अंकाचे ठेवावे लागते. एका नोंदीत ‘१२ इंच’, दुसरीत ‘1 फूट’ आणि तिसरीत ‘बारा’ असे लिहिले गेले, तर ‘9 ते 14 इंचांच्या शाडूच्या मूर्ती’ ही चाळणी कधीच नीट चालणार नाही. माध्यमासाठी लिहिण्याची जागा न देता पर्यायांची यादी देणे याच कारणाने बरे. नवा नोंदप्रकार नोंदवताना तो रेस्ट एपीआयमध्ये दिसावा अशी परवानगी द्यावी लागते. ती राहिली तर संकेतस्थळावर मूर्ती दिसतात आणि ॲप मात्र रिकामे राहते.

छायाचित्रे हा सर्वांत जड भाग होय. अपलोड केलेल्या चित्राच्या वर्डप्रेस आपोआप लहानमोठ्या प्रती करते, त्यांत 150, 300 व 1024 पिक्सेलच्या प्रती असतात, 5.3 आवृत्तीपासून (2019) 2560 पिक्सेलपेक्षा मोठे चित्र लहान करूनच वापरले जाते. यादीत लहान प्रत आणि मूर्ती उघडल्यावरच मोठी प्रत दाखवावी. डोळ्यांची आखणी आणि दागिन्यांचे बारीक काम पाहूनच गिऱ्हाईक मूर्ती पसंत करते, त्यामुळे मोठी प्रत फार दाबून चालत नाही.

आगाऊ नोंदणी घेताना शिल्लक नगांची खात्री फोनमधील यादीवरून करू नये. दोन व्यापारी एकाच वेळी शेवटचे दहा नग नोंदवू शकतात. म्हणून अंतिम तपासणी सर्व्हरवरच व्हावी आणि तिथून होकार आल्यावरच नोंदणी पक्की समजावी. मूर्ती ही प्रत्यक्ष वस्तू असल्यामुळे तिचे पैसे ॲप-दुकानाच्या देयक व्यवस्थेतून घेण्याची सक्ती नसते, यूपीआय चालते.

मराठी मजकुराचे प्रश्न : देवनागरीचे प्रत्येक युनिकोड चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेते. पत्त्यात ते टक्केवारीच्या सांकेतिक रूपात जाते तेव्हा त्याच्या नऊ खुणा होतात. वर्डप्रेसच्या माहितीसाठ्यात नोंदीच्या पत्त्याच्या तुकड्यासाठी 200 खुणांची जागा आहे. म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या धरून जेमतेम 22 चिन्हे बसतात आणि त्यापुढचा भाग कापला जातो. त्यामुळे एकाच शब्दाने सुरू होणाऱ्या लांब नावांच्या नोंदींचे पत्ते जवळजवळ सारखे दिसू लागतात. यावर सोपा उपाय म्हणजे पत्त्यात क्रमांक वापरणे. वर्डप्रेसवर चालणाऱ्या मराठी विश्वकोशाच्या नोंदींचे पत्ते असे क्रमांकाचेच आहेत. ॲपनेही नोंद ओळखताना नावावर विसंबून न राहता क्रमांक वापरावा.

शोधाची अडचण याहून सूक्ष्म असते. ‘ॲक्रिलिक’ या शब्दातील पहिले अक्षर 2008 च्या युनिकोड 5.1 पासून एकाच चिन्हाने लिहिता येते, पण अनेक कळफलकांवरून ते ‘अ’ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी उमटते. ‘पायऱ्या’मधील ऱ्य देखील दोन तऱ्हांनी टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. म्हणून माहिती साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा शब्द एकाच ठरावीक रूपात आणून घ्यावा लागतो. १२ आणि 12 यांनाही हेच लागू आहे. पानाची भाषा मराठी असल्याचे स्पष्ट नोंदवले, तर योग्य टंकातून ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने उमटतात. नाहीतर त्यांची हिंदी वळणे येतात.

सुरक्षितता : ॲपची फाइल कोणालाही उघडून वाचता येते. म्हणून प्रणालीचा पासवर्ड किंवा लेखनाचा अधिकार देणारी किल्ली ॲपमध्ये कधीही ठेवू नये. यादी वाचायला किल्ली लागत नाही. नोंदणीसाठी प्रत्येक गिऱ्हाइकाला मर्यादित हक्कांचे स्वतःचे खाते द्यावे. प्रणाली, तिचे प्लगइन आणि कवचाची साधने नियमित अद्ययावत ठेवावी लागतात. गिऱ्हाइकांची नावे व दूरध्वनी क्रमांक साठवणाऱ्यांना डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 च्या तरतुदी लक्षात घ्याव्या लागतात. लागेल तेवढीच माहिती मागणे हा त्यातला सर्वांत सोपा व सुरक्षित नियम आहे.

प्रकाशन व खर्च : गूगल प्ले स्टोअरवर खाते उघडण्यास एकदाच 25 डॉलर आणि ॲपलच्या विकासक कार्यक्रमास दरवर्षी 99 डॉलर लागतात. ॲपलच्या नियमावलीतील 4.2 हे कलम इथे निर्णायक ठरते : संकेतस्थळाला नुसते कवच घातलेले ॲप नाकारले जाते. नेटशिवाय चालणारी यादी, मूर्ती तयार झाल्याची सूचना, मागच्या वर्षीच्या नोंदणीचा इतिहास अशी ॲपपुरती खास सोय असली तर ते टिकते. प्ले स्टोअरही दरवर्षी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीला अनुकूल होण्याची अट घालते, त्यामुळे मजकूर बदलला नाही तरी कवच वेळोवेळी नव्याने बांधून चढवावे लागते. हा आवर्ती खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरायला हवा. मजकूर, किमती व छायाचित्रे मात्र प्रणालीत बदलली की ॲप पुन्हा न चढवता लगेच दिसतात, आणि या पद्धतीचा खरा फायदा तोच आहे.

मर्यादा व निवड : सतत हलणारी चित्रे, खेळ किंवा कॅमेऱ्याचे जड काम यांसाठी हायब्रिड पद्धत कमी पडते. कमी स्मृतीच्या जुन्या फोनवर छायाचित्रांच्या लांबलचक याद्या अडखळतात; दिसतील तेवढ्याच ओळी रचण्याचे तंत्र वापरून हे बरेचसे टाळता येते. गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येत असेल तर त्याला ॲप उतरवायला लावण्यात अर्थ नाही. त्याला मोबाइलवर चांगले दिसणारे संकेतस्थळ किंवा प्रोग्रेसिव्ह वेब ॲप पुरते. दरवर्षी शेकडो नग नेणारा व्यापारी मात्र ॲप ठेवतो, कारण त्याला शिल्लक आणि जुनी नोंदणी पुन्हापुन्हा पाहायची असते.

निवड कोणतीही असो, कामाचा क्रम तोच राहतो. आधी माहितीची क्षेत्रे ठरवावीत, मग ती प्रणालीत नीट भरावी, एपीआयमधून ती पूर्ण बाहेर येते याची खात्री करावी आणि त्यानंतरच कवच निवडावे. प्रणालीतील माहितीची प्रत उद्योगाने स्वतःकडेही नियमित ठेवावी; ॲप बनवून देणाऱ्याशी करार करताना संकेतस्थळाचे नाव, सर्व्हर आणि ॲप-दुकानातील खाते उद्योगाच्याच नावावर असावे. एवढी काळजी घेतली तर बनवणारा बदलला किंवा साधन बंद पडले, तरी यादी, छायाचित्रे व गिऱ्हाइकांच्या नोंदी मालकाच्या ताब्यात राहतात आणि नवे ॲप त्यांच्यावरच पुन्हा उभे करता येते.