दंडाची पावती, हक्काचा पुरावा

यावलच्या उत्तरेस उभ्या असलेल्या सातपुड्याचा इतिहास आपण सहसा निसर्गवर्णनांतून वाचतो. तो दफ्तरांतूनही वाचायला हवा. १८१८ साली खानदेश इंग्रजी अमलाखाली आला. १८२५ पासून भिल्ल एजन्सीने तगाई देऊन भिल्लांना शेतीकडे वळवले. पुढे १८७८च्या वन कायद्याने राखीव जंगलाची रेघ ओढली आणि त्या रेघेपलीकडे नांगर धरणे हाच गुन्हा ठरला. १९२७चा कायदा याच चौकटीवर उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतरही टिकला. १९६९मध्ये यावल अभयारण्य झाले, तेव्हा निर्बंधांचा आणखी एक थर चढला.

२००६च्या वनहक्क कायद्याने या साऱ्यातला 'ऐतिहासिक अन्याय' मान्य केला. पण १३ डिसेंबर २००५पूर्वीचा ताबा सिद्ध करायचा कशाने? नियमांनुसार वडीलधाऱ्यांचे जबाब ग्राह्य आहेत. कचेरीचा विश्वास मात्र कागदावर. आणि पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबांपाशी कागद कोणता? पुष्कळदा अतिक्रमणाच्या दंडाची पावती. ज्या कागदाने बापाला गुन्हेगार ठरवले, त्याच कागदाने मुलगा हक्कदार ठरतो. ज्याची पावती कधी फाडलीच गेली नाही, त्याचा दावा लंगडा पडतो.

धोरण बदलते तेव्हा पाटी कोरी नसते. नवा कायदा जुन्या दफ्तराच्याच भाषेत बोलतो. म्हणून न्यायाचा प्रश्न हा पुराव्याच्या भाषेचाही प्रश्न आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तो परका मानू नये, असे आम्हाला वाटते.