गोधडीच्या चार बाजू

गावात पुरुषांनी बसायच्या जागा कुठल्या, असं कुणी विचारलं तर आपण पटकन सांगू शकतो. पार, चावडी, देवळाचा कट्टा, तालीम आणि एस. टी. स्टँडसमोरचं हॉटेल. तिथं बसायला कारण लागत नाही. 'कुठं निघालात?' असं विचारलं, तर 'जरा पारावर' एवढं उत्तर पुरतं. बाईच्या बसण्याला मात्र कारण लागायचं. पाण्याला गेली तर पाणवठ्यावर, दळायला बसली तर जात्यावर, धुण्याला गेली तर ओढ्याच्या काठी. हात रिकामे ठेवून चार बायका हसत बसल्या आहेत, हे घरातल्या थोरामोठ्यांना सहसा रुचत नसे. म्हणून बायकांच्या मैत्रीचा इतिहास शोधायचा, तर तो त्यांच्या हातातल्या कामाच्या कडेकडेनं शोधावा लागतो. आज आपण त्यातलं एक काम पाहू. ते काम म्हणजे गोधडी, आणि मुलूख आहे बारामती-इंदापूरचा.

हा मुलूख नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला. जुन्या कागदपत्रांत याच्या मोठ्या भागाला भीमथडी म्हणत. भीमथडीची तट्टं मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. नीरा आणि भीमा जिथं मिळतात ते नीरा-नरसिंहपूर इंदापूर तालुक्यात आहे. कविवर्य मोरोपंतांचं आयुष्य बारामतीत गेलं, हे आपण शाळेत शिकलो. पण मोरोपंतांची बारामती आणि दुष्काळाची बारामती एकच. सह्याद्रीनं अडवलेल्या पावसातलं जे उरेल ते या पट्ट्याच्या वाट्याला येतं. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरेच्या डाव्या कालव्याचं काम झालं आणि १८८५ मध्ये त्यातून पाणी वाहू लागलं. तरी कालव्याच्या खालचं रान आणि वरचं रान, बागायत आणि जिरायत, असा भेद पुढं कितीतरी वर्षं राहिला. जिरायत पट्ट्यातल्या घरात ज्वारी, मेंढरं आणि जुनी लुगडी एवढीच काय ती श्रीमंती.

अशा घरात कापड टाकून देत नसत. नऊवारी लुगडं आधी सणाला नेसायचं, मग रोज नेसायचं, मग शेतात. विरलं की त्यातला धड भाग काढून परकर किंवा झबलं. आणि अगदी शेवटी त्याची जागा गोधडीत. कुणी तिला वाकळ म्हणतं, कुणी लेपटं. बाळासाठी केली की तिचं दुपटं होतं, आणि त्यासाठी आजीचं मऊ झालेलं लुगडंच लागतं, नवं कापड चालत नाही. फाटक्याला फाटकं जोडून ऊब तयार करायची, ही गोष्ट या मातीनं इतकी आपली मानली, की गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणू लागले. भीमेपलीकडं, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतचं ग्रामदैवतच गोदड महाराज आहेत.

गोधडी शिवायचे दिवस ठरलेले. सुगी उरकली, उन्हाळा लागला, शेतातलं काम सैल झालं की अंगणात कापडं पसरली जात. त्यातही आठवड्याचा एखादा वार सोयीचा. कितीतरी गावांत ग्रामदैवताच्या वारी बैल जुंपत नाहीत. त्याला मोडा म्हणतात. कुठं बाजाराचा दिवस सोयीचा पडतो. पुरुष बाजाराला गेले, घरची जेवणं उरकली, भांडी झाली, की दुपारचे दोन-तीन तास बाईचे. घरातून आडकाठी येत नसे, कारण हातात सुई होती. थंडीत सगळं घरच त्या गोधडीखाली झोपणार होतं.

आता हे काम कसं चालतं ते पाहा, म्हणजे त्यातली गंमत लक्षात येईल. खाली एक चांगलंसं लुगडं अंथरायचं. वारा उडवून नेऊ नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर जुन्या कापडांचे थर लावायचे, भोकं पडली असतील तिथं ठिगळं भरायची, वर दुसरं लुगडं, आणि सगळं लांब लांब टाक्यांनी टाचून घ्यायचं. मग कडेपासून धावदोरा घालत आत यायचं, चौकोनाच्या आत चौकोन. एकटीनं शिवायला बसलं तर एका गोधडीला आठवडेच्या आठवडे जातात. म्हणून चौघी चार बाजूंनी बसत. शेतात जशी सावड असते, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, तशीच ही सुईची सावड. आज तुझी गोधडी, पुढच्या मोड्याला माझी. पैशाचा व्यवहार नाही, पण हिशोब पक्का. कोण किती दुपारी आली आणि कोण आली नाही, हे सगळ्यांच्या ध्यानात असायचं.

गोधडीभोवती बसलेल्या बायकांची तोंडं एकमेकींकडं असतात आणि डोळे टाक्यावर. नजरेला नजर न देता बोलता येतं. ज्यांच्या घरी धाक असतो त्यांना ही सोय केवढी मोठी, हे वेगळं सांगायला नको. दु:ख सांगताना मान खाली असली तर ते शिवण्यामुळं आहे असं वाटतं. हसू दाबायचं असेल तर दोरा दातानं तोडायचं निमित्त असतं. आणि दोघी एकाच वेळी कोपऱ्याला पोचल्या, की तिथं थोडं थांबणं आलंच.

हसायला विषय तरी किती! एकीचा टाका मुंगीचा आणि दुसरीचा बैलाच्या पावलाचा. त्यावरून थट्टा. नवी नवरी असली तर नाव घेतल्याशिवाय तिच्या सुईत कुणी दोरा ओवून द्यायचं नाही. उखाण्यात देवाधर्माचं चार ओळींचं झालं, की म्हाताऱ्याच पुढं सरसावणार, आणि नवऱ्याच्या घोरण्यापासून सासूच्या किल्ल्यांपर्यंत सगळ्याचा उद्धार होणार. एरवी 'बाईमाणसानं फिदीफिदी हसू नये' असं बजावणारी आजीच इथं सगळ्यात चावट असायची. शिवाय ठिगळं बोलायला लावत. हे लुगडं कुणाच्या बारशाचं, हा काठ कुणाच्या माहेरचा, ही चिंधी दुष्काळाच्या वर्षातली. जिचं माहेर तुटलं होतं, तिलाही काठावरून हात फिरवत माहेरचं नाव काढता येई.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हळदीकुंकू, मंगळागौर, डोहाळजेवण हे बायकांच्या एकत्र येण्याचे मानाचे प्रसंग. तिथं झिम्मा आहे, फुगडी आहे, हसणं आहे. पण तिथं विधवेला जागा नव्हती. गोधडीला कुंकवाचा संबंध नाही. तिला फक्त हात लागतो. त्यामुळं जी बाई सणाच्या दिवशी माजघराच्या आत बसायची, ती मोड्याच्या दुपारी चौथ्या बाजूला बसू शकायची, आणि टाका चांगला असला तर मानानं. अर्थात, सगळं गोड होतं असं समजू नये. जातीची भिंत इथंही होती. कुणाच्या अंगणात कोण बसणार हे वाड्यावस्तीनं ठरलेलं असायचं, आणि ज्यांच्याकडं दुसऱ्याची उतरलेली लुगडीच येत, त्यांच्या गोधडीची गोष्ट निराळीच होती.

पुणे शहरात याच सुमाराला काय चाललं होतं? १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. दर शनिवारी बायका जमत, व्याख्यान होई. रमाबाई रानडे तिथं जाऊ लागल्या, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना किती बोलून घेतलं, ते त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. बायकांनी केवळ ऐकायला आणि बोलायला जमावं, हे त्या काळी पचणारं नव्हतं. पुढं २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथं अभ्यासाच्या वर्गांबरोबर शिवणकाम आणि हस्तकलाही आली. 'शिवण शिकायला जाते' म्हटलं की घराचा दरवाजा उघडणं थोडं सोपं होई. खेड्यातल्या बायकांना जे अनुभवानं कळलं होतं, तेच शहरातल्या समाजसुधारक स्त्रियांनी संस्थेच्या रूपानं मांडलं. हातात काम दिसलं, की तोंडानं बोलायला मोकळीक मिळते.

स्वातंत्र्यानंतर हाच धागा सरकारनं उचलला. १९५२ च्या २ ऑक्टोबरला समूह विकास योजना सुरू झाली, १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ आलं. गावोगावी महिला मंडळं निघाली आणि मंडळ म्हटलं की शिवणवर्ग आलाच. १९५३ मध्येच आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं आणि पुढं ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर सुईच्या सोबतीला आवाज आला. मात्र शिलाई मशिनीनं बसण्याची रीत बदलली. मशिनीवर बाई एकटी बसते, तिचं तोंड सुईकडं आणि कान खडखडाटानं भरलेले. झबली भराभर शिवून होऊ लागली. चार बाजूंनी बसायची गरज मात्र उरली नाही.

बाकीचे बदलही मागोमाग आले. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं जातं थांबलं. मानेवरचं मोठं ओझं उतरलं, याबद्दल कुणीही बाई हळहळणार नाही. सोलापुरी चादर बाजारात सहज मिळू लागली. कालव्याखाली ऊस वाढला, साखर कारखाने आले, आणि बाईला बारमाही काम मिळालं. बारमाही काम म्हणजे मोकळी दुपार गेली. इंदापूरच्या बाजूला तर जमीनच पाण्याखाली गेली. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं आणि आपण ते पाहायला जातो. पण देवळाभोवतीचा शेजार वर येत नाही. गाव उठलं की घरं दुसरीकडं बांधता येतात, जमिनीला जमीन मिळू शकते. कोपऱ्याला कोण भेटायची, याची भरपाई कुठल्या कागदावर लिहिणार?

मग आज काय उरलं आहे? बचत गट आहेत. त्यांच्या बैठकीत वही असते, हप्ता असतो, सही असते. वहीचं काम पंधरा मिनिटांत उरकतं आणि पुढचा तास बोलण्यात जातो, हे बैठकीला गेलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं पुण्यात भरवायला सुरुवात केलेल्या भीमथडी जत्रेत गावच्या बायकांनी केलेल्या वस्तू शहरातले लोक मुद्दाम येऊन घेतात. बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कमध्ये तालुक्यातल्या कितीतरी मुली-बायका तयार कपडे शिवतात. एकेकाळी फाटक्याला ठिगळ लावणारे हात आज नवं कापड शिवून महिन्याचा पगार घरी नेतात. हा बदल लहान नाही. स्वत:च्या नावावर पैसे असणं ही जुन्या गोधडीच्या दुपारीत कधीच नसलेली गोष्ट आहे.

दूरदेशीही असं घडलं आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १९६६ मध्ये गरीब कृष्णवर्णीय बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. नागरी हक्कांच्या चळवळीचे ते दिवस होते. जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या त्या बायका एकत्र बसूनच शिवत राहिल्या, आणि त्यातून कमाईही झाली. सोबत आणि मजुरी यांतलं एकच निवडावं लागतं असं नाही, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडं गोधडीला भाव येऊ लागला आहे. तो देताना एकेकीला घरी कापड पोचवून नगावर पैसे द्यायचे, की चौघींना एकत्र बसायला जागा आणि वेळ द्यायचा, हा विचार आपण केला पाहिजे. पहिल्या रीतीनं गोधडी टिकेल. तिच्याभोवतीचं हसू टिकवायचं, तर दुसरी रीत लागेल.

जात्यावरच्या ओव्यांचं भाग्य थोर. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरातून लाखाच्या वर ओव्या जमा केल्या. ओवीला चाल होती, ती पाठ होती, म्हणून ती टिपता आली. मोड्याच्या दुपारची थट्टा अशी टिपून ठेवता येत नाही. ती त्या त्या दुपारीच संपते.

पण तिची खूण मात्र उरते. घरात जुनी गोधडी असेल तर ती एकदा उन्हात पसरून नीट पाहा. एका बाजूचा टाका बारीक आणि सरळ दिसेल, दुसरीकडचा लांब आणि घाईतला, तिसरीकडं दोरा मध्येच बदललेला. चार बाजूंना चार हात ओळखू येतात. घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर ही बाजू कुणाची आणि ती कुणाची, एवढं आजच विचारून ठेवा. नावं सांगता सांगता त्यांना हसू फुटलं, तर तेही ऐकून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)