वाहनावरील हल्ला व आत्मसंरक्षणार्थ वधाचा हक्क

१. प्रास्ताविक

ता. १२ जानेवारी १९२५ रोजीं मुंबईस मलबार टेकडीवर घडलेलें बावला खून प्रकरण इतिहासाच्या अभ्यासकांस बहुधा एकाच कारणासाठीं ठाऊक असतें. त्यापायीं इंदूरचे तुकोजीराव होळकर (तिसरे) यांस पुढील वर्षीं गादी सोडावी लागली. संस्थानी राजकारणाच्या इतिहासांत त्या प्रकरणाचें हें महत्त्व आहेच. परंतु त्याच संध्याकाळीं कायद्याच्या एका तत्त्वाचीहि भर रस्त्यांत कसोटी लागली होती, व तिचा स्वतंत्र विचार झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं. वाहनांत बसलेल्या मनुष्यावर हल्ला झाला असतां हल्लेखोराचा जीव घेण्याचा हक्क कोणास, केव्हां व कोठपर्यंत, हा तो प्रश्न होय.

पुणें शहरांत वाहनावर हल्ले झाल्याचे प्रसंग थोडे नाहींत. ते या प्रकरणाशेजारीं ठेवून पाहिले असतां एक गोष्ट स्पष्ट दिसते. कायदा हा हक्क वाहनांत बसलेल्यास देतो खरा; पण तो बजावण्याची पाळी येते ती बहुधा वाटेनें जाणाऱ्या तिऱ्हाइतावर. हें म्हणणें कितपत टिकतें तें प्रस्तुत लेखांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२. आततायीचा विचार

हा प्रश्न इंग्रजांनीं आपल्याकडे आणला असें नव्हे. धर्मशास्त्रांत ‘आततायी’ या शब्दाखालीं त्याची चर्चा प्राचीन काळापासून आहे. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा व स्त्रीस पळविणारा असे सहा आततायी वसिष्ठाच्या नांवावर सांगितले जातात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत अशा मनुष्यास मारणाऱ्यास दोष लागत नाहीं असें म्हटलें आहे, मग येणारा कोणीहि असो. विज्ञानेश्वरानें मात्र मिताक्षरेंत या मोकळीकीस मर्यादा घातली. हल्ल्याचें निवारण करणें वेगळें व वध करण्याच्या हेतूनेंच वार करणें वेगळें, हा भेद त्याच्या विवेचनांतून निघतो. ब्राह्मण आततायीसंबंधीं लिहितांना, निवारण करीत असतां हेतु नसूनहि मृत्यु ओढवल्यास प्रायश्चित्त अल्प, असें त्याचें मत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें प्रसिद्ध केलेल्या पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत या वादाचा परामर्श घेतलेला आहे.

यांतील दोन गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या. स्त्रीस पळविणारा हा या यादींत शस्त्रधाऱ्याच्या जोडीला बसतो. आणि निवारण हा हेतु, मृत्यु हें त्याचें अनिच्छित फळ, असा क्रम मिताक्षराकार लावतो. पुढें या दोहोंचा संबंध येणार आहे.

३. दंडसंहितेंतील तरतूद

हिंदी दंडसंहितेचा मूळ मसुदा मेकॉले याच्या अध्यक्षतेखालील आयोगानें १८३७ मध्यें तयार केला. ती १८६० मध्यें संमत होऊन ता. १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. येथील लोक अन्याय निमूटपणें सोसतात, तेव्हां आत्मसंरक्षणाच्या हक्कावर निर्बंध वाढविण्यापेक्षां प्रतिकाराचें धैर्य त्यांच्यांत जागें करावें, असा अभिप्राय मसुदाकारांनीं आपल्या टिपणांत नमूद केला होता. राज्यकर्त्यांचें हें मत प्रजेस भूषणावह खास नव्हे. परंतु त्याच्या पोटीं ९६ ते १०६ हीं उदार कलमें जन्मास आलीं. भारतीय न्याय संहिता ता. १ जुलै २०२४ पासून अमलांत आल्यावर तींच कलमें थोड्याफार शब्दभेदानें ३४ ते ४४ झालीं आहेत.

त्यांचें सार असें. स्वतःच्या देहाचें, त्याचप्रमाणें ‘इतर कोणाहि’ मनुष्याच्या देहाचें संरक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीति उत्पन्न करणारा हल्ला, बलात्काराच्या हेतूचा हल्ला, मनुष्यास पळवून नेण्याच्या हेतूचा हल्ला, अशा मोजक्या प्रकारांत हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत त्या हक्काची मजल जाते. सरकारी अधिकाऱ्यांकडे धांव घेण्यास अवसर असेल तर हक्क नाहीं. गरजेपेक्षां अधिक इजा करण्याचाहि नाहीं. भीति उत्पन्न होतांच हक्क सुरू होतो, वार पडण्याची वाट पाहावी लागत नाहीं. आणि भीति सरतांच तोहि सरतो. सद्भावनेनें, अधिक इजा करण्याचा हेतु नसतां, मर्यादा ओलांडून कोणी मारलाच, तर तो गुन्हा खुनाच्या खालच्या पायरीवर उतरतो. पण गुन्हा राहतोच.

४. पुण्यांतील प्रसंग

ता. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यांतून व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आटोपून परतणाऱ्या रँड याच्या घोडागाडीवर दामोदर चापेकर मागील बाजूनें चढला व त्यानें गोळी झाडली; दुसऱ्या गाडींतील लेफ्टनंट आयर्स्ट यास बाळकृष्ण चापेकरानें मारलें. आयर्स्ट जागींच ठार झाला, रँड ता. ३ जुलै रोजीं मरण पावला. या कृत्यामागील राजकीय कारणांचा विचार येथें कर्तव्य नाहीं; आम्ही केवळ वाहनाकडे पाहत आहों. गाडींत बसलेल्याची पाठ रस्त्याकडे, दृष्टि पुढें, आणि घोडे चालते. प्रतिकाराचा विचार मनांत येण्यापूर्वींच कृत्य उरकलें.

ता. २५ जून १९३४ रोजीं म. गांधी पुण्यांत नगरपालिकेच्या समारंभास येत असतां त्यांची समजून दुसऱ्याच मोटारीवर बाँब पडला व कांहीं माणसें जखमी झालीं. ता. १० ऑगस्ट १९८६ रोजीं निवृत्त सरसेनापति जनरल अरुणकुमार वैद्य हे पुण्यांत आपली मोटार स्वतः चालवीत असतां मोटारसायकलीवरून आलेल्या हल्लेखोरांनीं त्यांस गोळ्या घालून ठार केलें. गाडींत शरीररक्षक असूनहि त्याचा उपयोग झाला नाहीं.

या तिन्ही प्रसंगीं हल्ल्यांतील माणसांस आत्मसंरक्षणाचा संपूर्ण हक्क होता, आणि एकासहि तो बजावतां आला नाहीं. वाहन हें आसरा वाटतें. वास्तविक तें मनुष्यास एका जागीं जखडून ठेवतें, व हल्लेखोरास त्याची जागा आधीं कळवितें. हक्क सुरू होण्याचा क्षण व तो निष्फळ होण्याचा क्षण यांत अंतरच उरत नाहीं.

५. मलबार टेकडी, १९२५

मलबार टेकडीवर हें अंतर उरलें, आणि तें तिऱ्हाइतामुळें. इंदूर दरबारचा आश्रय सोडून आलेल्या मुमताज बेगमेसह अब्दुल कादर बावला हा तरुण धनिक व्यापारी संध्याकाळीं मोटारींतून फिरावयास गेला होता. दुसऱ्या एका मोटारीनें त्यांस गांठलें. तिच्यांतून उतरलेल्या इसमांनीं बावलावर गोळ्या झाडल्या, मुमताजच्या तोंडावर हत्याराचे वार केले, व तिला ओढून आपल्या मोटारींत घालण्याचा यत्न चालविला.

इतक्यांत गोल्फ खेळून परतणारे कांहीं इंग्रज लष्करी अधिकारी मोटारीनें तेथें येऊन ठेपले. लेफ्टनंट सेगर्ट हल्लेखोरांवर धांवून गेला. त्याच्या हातीं शस्त्र नव्हतें, गोल्फचा दांडा तेवढा होता. गोळ्या लागून तो जखमी झाला. तरीहि त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं मुमताजला सोडविलें व शफी अहमद या हल्लेखोरास जागींच पकडलें. बावला मात्र त्या जखमांनीं मरण पावला.

आतां कलमें लावून पाहूं. सेगर्ट याचा बावलाशीं वा मुमताजशीं कसलाहि संबंध नव्हता. ‘इतर कोणाहि’ या दोन शब्दांनीं त्यास हक्क दिला. बावलावर गोळ्या सुटल्या होत्या, म्हणजे मृत्यूची भीति प्रत्यक्ष होती. मुमताजला ओढून नेलें जात होतें, म्हणजे पळवून नेण्याच्या हेतूचा हल्ला चालू होता. स्मृतिकारांच्या भाषेंत शस्त्रधारी व स्त्रीहर्ता हे दोन्ही आततायी एके ठिकाणीं जमले होते. पोलिसांस बोलावण्यास अवसर नव्हता. अशा स्थितींत दांड्याचा घाव वर्मीं बसून एखादा हल्लेखोर मेला असता, तर आमच्या मतें सेगर्ट पूर्ण निर्दोष ठरता. परंतु शफी अहमद हातीं लागून निःशस्त्र झाल्यावर त्याच दांड्यानें त्याचें डोकें फोडलें असतें, तर तो गुन्हा झाला असता. दोन्ही घाव एकाच हातचे, एकाच मिनिटाच्या आंतबाहेरचे. मध्यें भीति सरल्याची रेषा तेवढी.

ही रेषा पाळली गेली याचें फळ इतिहासास मिळालें. पकडलेला मनुष्य इंदूर संस्थानच्या चाकरींतील निघाला व तपासाचा धागा इंदूरपर्यंत पोहोंचला. मुंबई उच्च न्यायालयांत न्या. क्रंप यांच्यापुढें नऊ आरोपींवर खटला चालला. सरकारतर्फे जमशेटजी कांगा व आनंदराव फणसे या आरोपीतर्फे महंमद अली जीना उभे होते. मे १९२५ मध्यें तिघांस फांशीची शिक्षा झाली. पुढें चौकशी मंडळास सामोरें जावें कीं गादी सोडावी असा पेंच पडून फेब्रुवारी १९२६ मध्यें तुकोजीरावांनीं गादी सोडली. शफी अहमद त्या रस्त्यावरच मेला असता तर कायदा हरला नसता. परंतु सत्याचा एक मोठा साक्षी नाहींसा झाला असता.

६. पुणें, २०१२

मलबार टेकडीवर वाहन हें हल्ल्याचें स्थळ होतें. ता. २५ जानेवारी २०१२ रोजीं सकाळीं पुण्यांत वाहनच शस्त्र झालें. स्वारगेटच्या आगारांतून एस. टी. च्या एका चालकानें बस पळविली व गर्दीच्या रस्त्यांवरून बेफाम चालवून नऊ माणसें ठार केलीं. पुष्कळ जखमी झालीं. पोलिसांनीं गोळ्या झाडल्या, तरी बस थांबली नाहीं. अखेरीस एका तरुण विद्यार्थ्यानें पाठलाग करून बसमध्यें प्रवेश मिळविला व चालकास आवरलें.

येथें वधाचा हक्क होता काय? होता, असें आमचें उत्तर आहे. रस्त्यावरील प्रत्येकाच्या प्राणास भीति होती व ती क्षणोक्षणीं नवी होत होती. चालक वेडा होता असा बचाव पुढें घेण्यांत आला व तो मान्य झाला नाहीं. पण मान्य झाला असता तरी या हक्कास बाध नव्हता. वेडामुळें ज्याचें कृत्य गुन्हा ठरत नाहीं अशाविरुद्धहि आत्मसंरक्षणाचा हक्क तसाच राहतो, असें जुन्या ९८ व्या कलमांत स्पष्ट आहे, व तें योग्यच आहे. धांवत्या बसपुढें सांपडलेल्यानें चालकाच्या बुद्धीची परीक्षा कशी करावी?

अडचण निराळी होती. चुकलेली गोळी गर्दींत कोणासहि लागली असती. प्राणभय असतां निरपराध्यास धोका घातल्यावांचून संरक्षण साधतच नसेल, तर तो धोका पत्करण्याची मुभा जुन्या १०६ व्या कलमानें दिली आहे. पण दुसरा उपाय असेल तर नाहीं. त्या विद्यार्थ्यानें तो दुसरा उपाय स्वतःच्या जिवावर उदार होऊन शोधला. सत्र न्यायालयानें चालकास फांशीची शिक्षा सुनावली; सर्वोच्च न्यायालयानें २०१९ मध्यें ती जन्मठेपेवर आणली. ज्याचा वध रस्त्यावर न्याय्य ठरला असता, त्याचा वध न्यायालयानें शांतपणें विचार करून टाळला. यांत विसंगति नाहीं. रस्त्यावरचा हक्क शिक्षेचा नसून निवारणाचा आहे. गाडी थांबतांच तो संपला.

७. केवळ वाहनासाठीं

वाहन चोरीस जात असतां चोरास मारतां येतें काय, असें पुष्कळदां विचारलें जातें. साध्या चोरीसाठीं नाहीं. जबरी चोरी असेल, किंवा चोरी अशा स्थितींत होत असेल कीं प्रतिकार न केल्यास मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीति आहे, तरच ती मजल गांठतां येते. आग लावणाऱ्यासंबंधींचें कलम मूळचें इमारत, तंबू व जलयान एवढ्यांपुरतें; १८६० च्या जगांत रस्त्यावरची गाडी कोणी घर किंवा कोठार मानीत नसे. महाराष्ट्रानें १९७१ मध्यें दुरुस्ती करून भाड्यानें उतारू नेणाऱ्या वाहनांस त्यांत स्थान दिलें. जुनी संहिता रद्द झाल्यावर नव्या ४१ व्या कलमांत पुन्हां इमारत, तंबू व जलयान एवढींच आहेत. अर्थात् पेटत्या बसमध्यें माणसें असतील तर त्यांच्या देहाच्या संरक्षणाचा हक्क आहेच, त्यास या यादीची गरज नाहीं. रिकाम्या वाहनासाठीं मात्र मनुष्यवध करूं नये, असेंच या शब्दयोजनेवरून निघतें.

८. उपसंहार

सारांश, वाहनाचा असा निराळा हक्क नाहीं; हक्क माणसाचा, आणि त्याची मर्यादा भीतीच्या आयुष्याएवढी. वाहनांतला मनुष्य बहुधा हतबल असतो, म्हणून ‘इतर कोणाहि’ हे दोन शब्द या प्रकरणाचा खरा आधार होत. मलबार टेकडीवरील परका लष्करी अधिकारी व पुण्याचा विद्यार्थी यांस त्या शब्दांची आठवण त्या क्षणीं झाली असेल असें नव्हे. दोघांसहि मारण्याची मुभा होती, व दोघांनीं निवारणावर काम भागविलें. विज्ञानेश्वरानें आठशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं निवारण व वध यांत जें अंतर पाहिलें, तें या दोन रस्त्यांवर कोणी न शिकवितां पाळलें गेलें, ही गोष्ट इतिहासांत नोंदवून ठेवण्याजोगी आहे असें आम्हांस वाटतें.